गरोदरपणातील रक्तशर्करा आणि वऱ्हाड-नागपूरचे ताट

गरोदर स्त्रीच्या आहारासंबंधी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जो उपदेश चालत आलेला आहे, त्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ‘तू आता दोन जिवांची आहेस, तेव्हा दोघांचे जेव’ असे सांगता येईल. ह्याच्या अगदी उलट उपदेश दवाखान्यातून परतलेल्या काही स्त्रियांच्या कानी पडतो. रक्तात साखर निघाली आहे, तेव्हा भात सोड, आलू सोड, फळे सोड, निम्मे जेव. एकाच स्त्रीला एकाच आठवड्यात हे दोन्ही उपदेश ऐकावे लागतात, आणि ज्याचा घरात दरारा अधिक त्याचा उपदेश बहुधा पाळला जातो. ह्या दोन्ही उपदेशांमागील शारीरिक वस्तुस्थिती कोणती, महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाने तीवर कोणता प्रकाश टाकला, आणि विदर्भातील नित्याच्या अन्नातूनच रक्तशर्करेचे नियमन कितपत साधता येईल, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. गर्भधारणेपूर्वीच मधुमेह असलेली स्त्री आणि गरोदरपणातच प्रथम रक्तशर्करा वाढलेली स्त्री, ह्या दोघींच्या स्थितीत महत्त्वाचा फरक आहे. गर्भाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. तेव्हाच शर्करा अधिक असल्यास जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो, आणि म्हणून पहिल्या प्रकारच्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच शर्करा ताब्यात आणणे अगत्याचे ठरते. दुसऱ्या प्रकारास आपण ‘गर्भकालीन मधुमेह’ म्हणू. तो प्रायः पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर प्रकट होतो आणि पुष्कळदा प्रसूतीनंतर मावळतो. ह्या लेखाचा विषय मुख्यतः हा दुसरा प्रकार होय.

ऐतिहासिक ओळख

ह्या विकाराची पाश्चात्त्य वैद्यकातील पहिली सविस्तर नोंद १८२४ साली बर्लिन येथे बेनेविट्झ ह्याने आपल्या प्रबंधात केली. त्याच्या रुग्ण स्त्रीस गरोदरपणात असह्य तहान लागे, आणि तिचे मूल अतिशय मोठे होऊन जन्मतःच मृत निघाले. प्रसूतीनंतर लक्षणे ओसरली, ह्यावरून हा विकार गरोदरपणाचेच एक लक्षण असावे असा तर्क त्याने केला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे मधुमेही स्त्रीचे गरोदरपण म्हणजे माता व मूल ह्या दोघांच्याही जिवावरचे संकट समजले जाई. १९२१-२२ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला तेव्हा मातांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, परंतु अर्भकांचे मृत्यू तितक्या वेगाने घटले नाहीत. ह्याचे कारण शोधताना कोपनहेगनच्या पेडरसन ह्याने १९५० च्या दशकात जी उपपत्ती मांडली, ती आजही ह्या विषयाचा पाया मानली जाते. मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे सहज जाते, पण तिचे इन्शुलिन जात नाही. अर्थात् मातेकडून शर्करेचा लोंढा आला म्हणजे त्याचा निचरा करण्यासाठी गर्भाच्या स्वादुपिंडास स्वतःचे इन्शुलिन अधिक स्रवावे लागते. इन्शुलिन हे वाढीस चालना देणारे आणि मेदसंचय करणारे द्रव्य असल्यामुळे गर्भ अवाजवी पुष्ट होतो. जन्मानंतर नाळ तुटताच शर्करेचा पुरवठा एकाएकी थांबतो, परंतु अर्भकाच्या रक्तातील इन्शुलिन लगेच उतरत नाही, आणि मग त्याची रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. अशा अर्भकास जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करून देण्यावर जो भर दिला जातो, त्याचे एक कारण हे होय.

पुढे १९६४ साली बोस्टनच्या ओ’सलिव्हन व महान ह्यांनी ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीचे आकडे निश्चित केले. मात्र त्यांचा निकष मातेस पुढील आयुष्यात मधुमेह होण्याच्या संभवावर आधारलेला होता, अर्भकाच्या हानीवर नव्हे. ही उणीव २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ नावाच्या अभ्यासाने भरून काढली. नऊ देशांतील सुमारे तेवीस हजार गरोदर स्त्रिया त्यात सामील होत्या. त्याचा निष्कर्ष असा की, मातेची शर्करा जसजशी वाढते तसतसे अर्भकाचे वजन, त्याचा मेद आणि नाळेच्या रक्तातील इन्शुलिनचे निदर्शक ही तिन्ही पायरी-पायरीने वाढत जातात. ‘येथपर्यंत सुरक्षित आणि येथून पुढे धोका’ अशी स्पष्ट सीमारेषा कोठेही दिसत नाही. निदानाचा आकडा ही निसर्गाने आखलेली रेषा नसून व्यवहारासाठी माणसाने ठरविलेला संकेत आहे, हे अभ्यासकांनी सतत ध्यानात ठेवावे.

शरीरातील घडामोड

गरोदरपण हा काही रोग नव्हे, परंतु त्यात शरीराची शर्करा-व्यवस्था मुद्दाम बदलली जाते. वारेतून स्रवणारी संप्रेरके, विशेषतः वारेचे दुग्धजनक संप्रेरक, तसेच प्रोजेस्टेरॉन व कॉर्टिसॉल, ही मातेच्या स्नायूंना इन्शुलिनला दाद देऊ देत नाहीत. ह्यामागे एक प्रयोजन आहे. मातेच्या स्नायूंनी ग्लुकोज सावकाश घेतले म्हणजे जेवणानंतर ते रक्तात अधिक काळ राहते व गर्भास मिळते. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड ह्या अडथळ्यावर मात करण्यासाठी इन्शुलिनचा स्राव दुपटी-तिपटीने वाढविते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडास एवढी मजल मारता येत नाही, तिची शर्करा वाढते. म्हणजे गरोदरपण ही एक प्रकारे स्वादुपिंडाच्या राखीव शक्तीची परीक्षाच होय. ह्या परीक्षेत मागे पडलेल्या स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने सात ते दहा पट अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी असे सांगितले जाते. बाळाच्या कौतुकात ही चाचणी बहुधा राहून जाते.

ह्या घडामोडीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि आहाराच्या चर्चेत तिचा विसर पडतो. गर्भ रात्रंदिवस ग्लुकोज ओढून घेत असल्यामुळे उपाशीपोटी मातेची शर्करा नेहमीपेक्षा लवकर उतरते. शरीर मग आपला मेद जाळू लागते, व त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रिंकेल ह्यांनी ह्या अवस्थेस ‘त्वरित उपासमार’ अशा अर्थाचे नाव दिले होते. एरवी स्त्रीस दीर्घ लंघनानंतर जी अवस्था येते, ती गरोदर स्त्रीस एका रात्रीच्या उपवासानंतरच येऊ लागते. तात्पर्य, जेवणानंतर शर्करा फार चढते आणि जेवण लांबले की फार उतरते, अशा दुहेरी कात्रीत ती सापडलेली असते. ‘दोघांचे जेव’ हा उपदेश पहिले पाते विसरतो, ‘निम्मे जेव’ हा उपदेश दुसरे.

निदानाचा प्रश्न

भारत सरकारच्या आरोग्य खात्याने २०१४ साली काढलेल्या व २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी दोनदा व्हावयास हवी. पहिली चाचणी पहिल्या भेटीतच, आणि ती निर्दोष निघाल्यास दुसरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यावयास देतात व दोन तासांनी रक्त तपासतात. शर्करा दर १०० मिलिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आल्यास गर्भकालीन मधुमेह समजला जातो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तीसाठी उपाशी राहावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या व त्यांचे सहकारी ह्यांनी तिचा पुरस्कार केला तो ह्याच कारणासाठी. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरून किंवा मेळघाटातून प्राथमिक आरोग्य केंद्रावर येणारी स्त्री दुपारच्या अगोदर पोहोचेलच असे नसते. तिला ‘उद्या उपाशीपोटी ये’ असे सांगणे म्हणजे बहुतेक वेळा ‘येऊच नकोस’ असे सांगण्यासारखे आहे. ह्याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्वीकारलेला निकष उपाशीपोटी ९२, ग्लुकोजनंतर एका तासाने १८० व दोन तासांनी १५३ असा आहे, आणि तिन्हींपैकी कोणताही एक आकडा गाठला तरी निदान होते. ह्या दोहोंची तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत असे दिसून आले की, केवळ उपाशी नसतानाच्या एका चाचणीतून पुष्कळ स्त्रिया निसटतात. सारांश, एक पद्धत अधिक काटेकोर आहे, तर दुसरी अधिक स्त्रियांपर्यंत पोहोचते. नागपुरातील सुसज्ज रुग्णालय आणि भामरागडचे उपकेंद्र ह्या दोन्ही ठिकाणी एकच पद्धत योग्य ठरेल असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील दोन अभ्यास

ह्या विषयावर महाराष्ट्रात जे काम झाले आहे, ते जगभर उद्धृत केले जाते. त्यांपैकी दोन अभ्यास प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुळातून पाहावेत.

पहिला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांचा. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून मागोवा घेतला. ह्या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलोग्रॅम होते. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांच्या आहारात सुमारे १७७० उष्मांक व ४५ ग्रॅम प्रथिने आढळली. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास भरली, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोग्रॅमच्या. मात्र पुण्याची बाळे सर्व अंगांनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव फारच लहान होते, परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने बराच टिकून होता. २००३ साली ह्या बाळांचे ‘किडकिडीत पण मेदयुक्त’ असे वर्णन करण्यात आले. ह्यापूर्वी, २००२ साली, पुण्यातील व लंडनमधील नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली होती, आणि वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांच्या रक्तात इन्शुलिन अधिक आढळले होते. म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट आपल्याकडे पाळण्यापासूनच सुरू होते.

ह्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक विचारप्रवर्तक वाटेल. मातेने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली, ह्याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे किती वेळा खाल्ली गेली ह्याच्याशी. शिवाय ह्या मातांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांशांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट मात्र अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. पोट भरणे आणि पोषण होणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ह्यावरून स्पष्ट होते.

दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांतील स्त्रियांचा. निरीक्षणावरून संबंध दिसला तरी तोच कारण आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, आणि तो ह्या अभ्यासात २००६ पासून करण्यात आला. चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट पाडले गेले. एका गटास गर्भधारणेपूर्वीपासून रोज पालेभाजी, फळ व दूध ह्यांपासून केलेला तळलेला वा भाजलेला अल्पोपाहार मिळे, तर दुसऱ्यास तसाच दिसणारा, परंतु आलू-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. पहिल्या खाद्यातून रोज जेमतेम १६५ उष्मांक व सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळत, म्हणजे ती काही मेजवानी नव्हती. बाळांच्या सरासरी वजनात एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने हे खाद्य घेतले, त्यांच्या बाळांत सुमारे ४८ ग्रॅमची वाढ दिसली. परंतु एक हजारावर स्त्रियांच्या ग्लुकोज-चाचणीतून वेगळीच गोष्ट पुढे आली. गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण साध्या खाद्याच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात ७.३ टक्के आढळले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निष्कर्षाचा मथितार्थ असा की, गरीब घरातील स्त्रीस अन्न कमी करून नव्हे, तर योग्य अन्नाची भर घालून ह्या विकारापासून काही अंशी वाचविता येते. अर्थात् निम्म्याच गरोदर स्त्रियांची चाचणी होऊ शकली, हा त्या अभ्यासाचा दुबळेपणाही नमूद केला पाहिजे.

विदर्भाचे ताट

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरच्या पूर्व भागात, भात हे मुख्य अन्न होय. वऱ्हाडात पूर्वी ज्वारीची भाकर मुख्य होती, परंतु कपाशीच्या जोडीने सोयाबीन पसरू लागले तशी ज्वारीची शेते आटली आणि रेशनच्या गव्हा-तांदळाने तिची जागा घेतली. हा बदल रक्तशर्करेच्या दृष्टीने उदासीन नाही. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट, आठ ग्रॅम प्रथिने व जेमतेम तीन ग्रॅम चोथा असतो. ज्वारीत पिष्ट सुमारे ६८ ग्रॅम, प्रथिने दहा व चोथाही दहा ग्रॅमच्या आसपास. तरीही ‘ज्वारी खाल्ली की साखर वाढत नाही’ ही समजूत खरी नव्हे. तिच्यातही दोन-तृतीयांश पिष्टच आहे, आणि चार भाकरी खाल्ल्यास शर्करा चढणारच. धान्याच्या जातीइतकेच महत्त्व एका वेळच्या प्रमाणास आणि सोबतच्या पदार्थांस आहे.

मग पिष्टमय पदार्थ किती कमी करावेत? गरोदर स्त्रीस दिवसाकाठी निदान १७५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळावेत असा सर्वमान्य संकेत आहे. तेवढे केवळ धान्यातूनच मिळवावयाचे झाल्यास पाव किलो पीठ लागेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीस नेहमीपेक्षा रोज ३५० उष्मांक अधिक हवेत, आणि अखेरच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम प्रथिने अधिक. म्हणजे ‘दोघांचे’ तर नाहीच, परंतु कमीही नाही. जी भर घालावयाची ती मुख्यतः वरण, उसळ, दूध, अंडी व पालेभाजी ह्यांची होय.

उदाहरणादाखल एक बेत मांडून पाहू. सकाळी मोड आलेल्या मुगाची किंवा बरबटीची उसळ व एक लहान भाकर. दोन-अडीच तासांनी एक संत्रे व मूठभर शेंगदाणे. दुपारी एक भाकर, वाटीभर घट्ट वरण, अंबाडीची किंवा पालकाची भाजी, लहान वाटीभर भात व दही. सायंकाळी फुटाणे. रात्री भाकर, चून व भाजी. निजताना कपभर दूध, आणि आणखी अर्धा कप दिवसात कधीही. ह्यात दिवसाचे पीठ सुमारे १८० ग्रॅम, तांदूळ ३० ग्रॅम, डाळी-कडधान्ये १२० ग्रॅम व तेल पाच लहान चमचे धरले, तर सुमारे १९५० उष्मांक, सत्तर ग्रॅम प्रथिने व अडीचशे ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळतात. शेतात राबणाऱ्या स्त्रीस ह्याहून अधिक लागेल, हे उघड आहे. ह्याच अडीचशे ग्रॅमांपैकी सव्वाशे ग्रॅम एकाच वेळी दीडशे ग्रॅम तांदळाच्या भातातून पातळ वरणाबरोबर पोटात गेले, तर त्याच स्त्रीची शर्करा उंच चढेल. दिवसाची बेरीज तीच राहूनही वाटणीने परिणाम बदलतो. म्हणूनच तीन मध्यम जेवणे व दोन-तीन लहान खाणी अशी विभागणी सुचविली जाते.

सकाळच्या न्याहारीबाबत विशेष दक्षता हवी. पहाटे कॉर्टिसॉल वाढलेले असल्यामुळे सकाळी इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडतो, आणि तेवढेच अन्न रात्रीपेक्षा सकाळी शर्करा अधिक चढविते. नागपूरकरांच्या आवडत्या तर्री-पोह्यांचा ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. त्यातील पोहे हे तांदळाचे पिष्ट असून लवकर पचते, परंतु तर्रीतील चणे सावकाश पचतात व प्रथिनेही देतात. तेव्हा चणे अधिक, पोहे कमी व वरचा तेलाचा तवंग काढलेला, असा तोच पदार्थ निषिद्ध ठरत नाही. त्यासोबतचा गोड चहा मात्र खटकतो. संत्र्याचेही असेच आहे. शंभर ग्रॅम संत्र्यात आठ ते अकरा ग्रॅमच शर्करा असते, आणि चोथ्यासह फोडी खाल्ल्यास ती सावकाश शोषली जाते. पेलाभर रस काढावयास तीन-चार संत्री लागतात व चोथा चाळणीत राहतो. संत्रे खावे, रस टाळावा, आणि संत्रा बर्फीस मिठाईच समजावे.

दोन जुन्या सवयींना नव्या प्रयोगांचा आधार मिळालेला आहे. भाजी व वरण-उसळ आधी खाऊन धान्य मागाहून खाल्ल्यास शर्करेची उसळी कमी होते असे आढळले आहे, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यासही ती कमी होते. आपल्या पूर्वजांनी शतपावलीस जे स्थान दिले होते ते अनाठायी नव्हते. मात्र ती पुरुषांनी अंगणात घालावयाची आणि गरोदर सुनेने त्या वेळी उष्टी-खरकटी काढून सर्वांच्या मागून जेवावयाचे, ही रीत ह्या विकारात घातक ठरते. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास वरण व भाजी संपून उरलेला भात येतो, आणि तोही उशिरा. आहाराचा तक्ता कितीही उत्तम असला, तरी पंगतीतील क्रम बदलल्याशिवाय तो कागदावरच राहील.

उपवासांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. वटपौर्णिमा, हरतालिका, नवरात्र, चतुर्थ्या व एकादश्या ह्यांत गरोदर स्त्री दिवसभर काही न खाता संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नाममात्र. म्हणजे दिवसा कीटोनांची वाढ आणि सायंकाळी शर्करेची उसळी, असे दोन्ही दोष एकाच दिवशी पदरी पडतात. ज्यांना व्रत मोडावयाचे नाही, त्यांनी दूध, दही, शेंगदाणे, फळे व राजगिरा असा आहार ठराविक अंतराने घेतल्यास हानी बरीच टळेल. त्याचप्रमाणे डोहाळजेवणातील पक्वान्नांचा एखादा घास अनर्थ करीत नाही, परंतु ओटी भरल्यापासून प्रसूतीपर्यंत घरात लाडू-पेढ्यांचे डबे येत राहतात, ते अनर्थ करतात. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतील गूळ-तुपाबद्दलही हाच विवेक हवा, कारण गर्भकालीन मधुमेह मावळला तरी त्याची प्रवृत्ती शरीरात राहतेच.

आहाराची मर्यादा

आहार हा पहिला उपाय आहे, एकमेव नव्हे. राष्ट्रीय सूचनांनुसार दोन आठवडे आहार पाळूनही जेवणानंतर दोन तासांची शर्करा १२० किंवा अधिक राहिल्यास औषध सुरू करावयाचे असते. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, हे सामान्य उद्दिष्ट होय. इन्शुलिन वारेतून गर्भाकडे जात नाही. मेटफॉर्मिन जाते, आणि विसाव्या आठवड्यानंतर ते देण्यास ह्या सूचनांत मुभा आहे. इन्शुलिनची भीती बाळगून काही स्त्रिया अन्न तोडत तोडत आकडा खाली आणतात. हा विजय नव्हे. आकडा उतरला आणि वजन वाढेनासे झाले, तर ती उपासमार होय. उपचाराने खरोखर लाभ होतो हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या प्रयोगात दिसून आले. उपचार झालेल्या गटात अर्भकांच्या गंभीर आपत्ती एक टक्का, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात चार टक्के होत्या.

आपल्याकडे प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ४२ किलो वजनाच्या, रक्तक्षय असलेल्या स्त्रीतही शर्करा वाढलेली आढळू शकते. स्थूल स्त्रियांवरील पाश्चात्त्य प्रयोगांतून आलेला ‘वजन आवरा’ हा सल्ला तिला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे एका रोगावर उपाय करताना दुसरा वाढविणे होय. तिच्या ताटात भात थोडा कमी करावयाचा असेल, तर वैद्याने त्याच श्वासात त्या जागी वरण, अंडे किंवा दूध किती वाढवावयाचे तेही सांगितले पाहिजे, आणि ते तिला परवडेल काय हेही विचारले पाहिजे. आदिवासी क्षेत्रातील अंगणवाड्यांतून २०१५ पासून सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना दिवसाचे एक पूर्ण जेवण देण्याची कल्पना आहे. अशा योजनांच्या ताटाकडे केवळ उष्मांकांच्या नव्हे, तर रक्तशर्करेच्याही दृष्टीने पाहणे आता आवश्यक झाले आहे.

संशोधनास वाव

आपल्या विद्यार्थ्यांपुढे ह्यातून काही सुटसुटीत व उपयुक्त प्रश्न उभे राहतात. विदर्भातील घरी थापलेल्या भाकरीचे प्रत्यक्ष वजन जिल्ह्याजिल्ह्यांत किती असते? वैद्य ‘एक भाकर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनातील भाकर आणि तिच्या तव्यावरील भाकर एकच असते काय? कण्या, आंबील, चून-भाकर व वरण-भात ह्यांचा गरोदर स्त्रीच्या शर्करेवर होणारा परिणाम कोणत्या क्रमाने लागतो? शिळ्या, थंड भातातील काही पिष्ट सहज पचत नाही, तर मजुरीस जाणाऱ्या स्त्रीच्या डब्यातील भाताचा परिणाम ताज्या भातापेक्षा वेगळा होतो काय? सूचनेप्रमाणे सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणीस येणाऱ्या स्त्रिया किती, आणि न येणाऱ्यांना कोणती अडचण आडवी येते? ह्यांपैकी पहिल्या प्रश्नास तराजूखेरीज कोणतेही साधन लागत नाही, आणि तरीही त्याच्या उत्तरावाचून आहाराचे सारे तक्ते अंदाजावरच उभे राहतात.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन उपदेशांकडे पुन्हा वळू. ‘दोघांचे जेव’ म्हणणाऱ्या सासूबाईंच्या बोलण्यात गर्भाची काळजी आहे, आणि ‘निम्मे जेव’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यात आकड्याची. दोघांचाही हेतू चांगला असला, तरी दोघेही प्रमाणाविषयी बोलतात, ताटातील पदार्थ, त्यांची वाटणी व वेळ ह्यांविषयी कोणीच बोलत नाही. मुंबईच्या प्रयोगातील १६५ उष्मांकांनी दाखवून दिले ते हेच की, निर्णायक ठरली ती भर थोडी होती, परंतु ती योग्य पदार्थांची होती व वेळेवर घातलेली होती. गरोदर स्त्री घरातील सर्वांबरोबर, वेळेवर आणि भाजी-वरणासह जेवू लागली, तर तिच्या रक्तातील शर्करा ताब्यात ठेवण्याचे निम्मे काम औषधाच्या कपाटाकडे न जाताच होईल. उरलेल्या निम्म्यासाठी वैद्य आहेच.